मदत हवी आहे: जुने कपडे देण्याची घरात कायमची घडी कशी बसवावी? (सांगली)

विश्रामबागकर

फ्लॅट विश्रामबागेत. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. मुलांचे कपडे बघता बघता आखूड होतात, मोठ्यांचे "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून पडून राहतात. दिवाळीच्या आवराआवरीत एकदम तीन-चार गाठोडी निघतात, संक्रांतीपर्यंत गॅलरीत पडतात आणि मग जो येईल त्याला देऊन मोकळं व्हायचं. वर्षभर थोडं थोडं, पण योग्य जागी जाईल असं काही करायचं आहे.

कपडा काढायचा हे कधी ठरवायचं? आपल्या भागात कोणता कपडा कुणाच्या कामाला येतो? फाटक्याचं काय करायचं? आणि सासूबाईंच्या ट्रंकेतल्या साड्या. (हा प्रश्न खरं तर पहिला.)

घडीवाली

दिवाळीची वाट बघता तिथंच गाडं अडतं. कपडा काढायची वेळ म्हणजे धुणं वाळल्यावर घड्या घालायची वेळ. तेव्हा तो स्वच्छ असतो, हातात असतो, काखेत उसवलंय का, बटण गेलंय का ते दिसतं. कपाट उघडून "आज निवडायचंच" म्हणून बसलं की दोन तास जातात आणि निम्मं परत आत.

घड्या घालता तिथंच एक पिशवी टांगा. पंचवीस किलो तांदळाची रिकामी विणलेली पिशवी पुरे. त्यात वीस-पंचवीस शर्ट बसतात, वजन सहा-सात किलो, स्कूटरवर पायाशी राहते. भरली की त्याच आठवड्यात बाहेर. दुसरी पिशवी टांगायची नाही, टांगली की गोदाम झालं म्हणून समजा. आणि ती कुणाकडे जाणार हे ती भरायच्या आधी ठरलेलं हवं. बहुतेक घरांत सवय मोडते ती इथं: काढायचा उत्साह असतो, न्यायची जागा ठरलेली नसते.

आत टाकण्यापूर्वी खिसे उलटे करून बघा. कमरपट्टी, खिशाचं अस्तर आणि काखेची शिवण सगळ्यात शेवटी वाळतात. तिथं ओल राहिली तर आठ दिवसांत सगळ्या पिशवीला कुबट वास लागतो. दुकानाची पातळ प्लॅस्टिक पिशवी म्हणूनच नको.

थोरलीचं धाकट्यासाठी ठेवायचं तर एकच खोका, त्यापुढं नाही. तुमच्याकडं चार वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात पडून राहिलेलं इलॅस्टिक सैल पडतं, पँट अंगाला होते पण कमरेला राहत नाही.

कारखाना_रोड

कोणता कपडा कुणाला, यावर लिहितो. आपल्याकडं सगळ्यात मोठी गरज ऊसतोडणी टोळ्यांची. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून येतात, गळीत हंगाम संपेपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. ऐन थंडी उसाच्या फडात जाते.

त्यांना उपयोगी पडतं ते असं: पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, जाड सुती. उसाचं पान हाताला कापतं, म्हणून बायकाही साडीवर शर्ट घालूनच तोडतात. कॉलर झिजलेली चालते, बाहीचं बटण मात्र पाहिजे, नाहीतर बाही वर सरकते आणि शर्टाचा उपयोग संपतो. लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या, पायमोजे, बंद बूट. रोजच्या वापराच्या साड्या, चादरी. जीन्स कमी द्या. जड असते, धुवायला पाणी जास्त लागतं आणि थंडीत एका दिवसात वाळत नाही.

पद्धत. आधी टोळीच्या मुकादमाला भेटा किंवा साखर कारखान्याच्या शेती विभागाच्या गट ऑफिसात विचारा, टोळी कुठं उतरली आहे आणि कुटुंबं किती. मुलांची वयं लिहून घ्या. मग कुटुंबागणिक गाठोडी बांधा आणि वर चिठ्ठी लावा: "मुलगी, ७-८ वर्षं, फ्रॉक २, स्वेटर १". जायचं संध्याकाळी, पहाटे सगळे फडात असतात. उघडा ढीग ओतू नका. ढिगात जो पुढं असतो तो उपसतो, सलवारीपासून कमीज सुटते, बुटांचे जोड फुटतात आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी बांधाला पडलेलं असतं. मग आपणच म्हणायचं, यांना किंमत नाही!

फोटो काढू नका, हेही सांगून ठेवतो.

सुईदोरा

पिशवीजवळ एक डबा ठेवा: सुई, पांढरा-काळा-खाकी दोरा, जुन्या शर्टांची काढलेली बटणं, नाड्या, एक इंच रुंदीचं इलॅस्टिक, छोटी पकड. दुरुस्तीला दहा मिनिटांहून जास्त लागत असतील तर तो कपडा चिंध्यांत.

चेन मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात, सरकणी सैल झालेली असते. चेन खाली घ्या, सरकणीच्या दोन्ही बाजू पकडीनं अगदी हलकं दाबा, एकदा डावी, एकदा उजवी. जोर लावला तर ती तुटते. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा. मुलांच्या पँटचं इलॅस्टिक बदलताना कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्या. सलवारीला नाडी ओवून, कमीज-ओढणीबरोबर एकत्र बांधूनच द्या. नाडी नसलेली सलवार कुणी घालत नाही.

वापरलेली आतली वस्त्रं देऊ नका, कितीही चांगली असोत. द्यायचीच तर नवी घ्या. शेरवानी, लग्नातले घागरे हे पिशवीतलं काम नव्हे, त्यांना भाड्यानं कपडे देणारं दुकान गाठा. गणवेश त्याच शाळेत खालच्या वर्गातल्या कुणालातरी, तोही निकाल लागल्यावर लगेच. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत पालकांची खरेदी झालेली असते.

विश्रामबागकर

घडीची आणि मुकादमाची कल्पना पटली. घरकाम करणाऱ्या मावशींना आधी विचारते, मग उरलेलं पिशवीत, असं चालेल ना? आणि फाटकं व साड्या राहिल्या.

घडीवाली

विचारा, पण "हवं ते निवडा, बाकी ठेवून जा" असं विचारा. पिशवीच हातात दिली तर नाही म्हणता येत नाही. आणि दिवाळीच्या बोनसच्या जागी जुनी साडी हा प्रकार कृपा करून नको.

वाकळ

साड्यांबद्दल. दुसऱ्याच्या ट्रंकेला त्याच्या माघारी हात लावायचा नाही, हा पहिला नियम. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतातच, तेव्हा ट्रंकही उन्हाला निघते. तोच मुहूर्त. सासूबाईंनाच तीन ढीग करायला सांगा: ठेवायच्या, वाकळेच्या (गोधडीच्या), द्यायच्या. पहिल्या ढिगावर अक्षरही बोलू नका, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरे दोन आपोआप वाढतात.

वाकळेला सुती साड्या चार-पाच लागतात. मऊ झालेल्या, विरलेल्या आत. धड असलेल्या वर आणि खाली. नायलॉन, जॉर्जेट नको. थर घसरतात, धावदोरा वाकडा जातो आणि घामानं अंगाला चिकटते. वाकळ शिवून देणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत, मजुरी देऊन शिवून घ्या. चार साड्या सुट्या देण्यापेक्षा एक शिवलेली वाकळ कोपीत जास्त कामाची.

जरीची जुनी साडी बोहारणीला देताना जर खरी आहे का ते सराफाकडून बघून घ्या. एका पातेल्यावर चांदीची जर गेलेली घरं कमी नाहीत. आहेराच्या कोऱ्या साड्या मात्र बिनदिक्कत द्या, नाहीतर त्या फिरत फिरत देणाऱ्याच्याच घरी पोचतात!

कृष्णाकाठ

फाटकं: सुती आणि कृत्रिम वेगळं करा. सुती बनियन, टी-शर्ट, चादरी यांची बटणं, चेन, इलॅस्टिक कापून टाका, फूट-दीड फुटाचे तुकडे करा. गॅरेजवाले आणि कुपवाड एमआयडीसीतले छोटे वर्कशॉप पुसायला घेतात. राहिलेलं एक बटण तयार होत असलेल्या चकचकीत भागावर ओरखडा काढतं, म्हणून तेवढं काळजीनं. पॉलिस्टर पुसायला चालत नाही, ते नाकारतील. कृत्रिम कपडा जाळू नका, वितळून विषारी धूर होतो. तो भंगारवाल्याकडं किंवा सुक्या कचऱ्यात, बांधून आणि कोरडा. 2023 च्या मे-जूनमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत देशभरातल्या शहरांत वापरलेल्या वस्तू गोळा करायची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं निघाली होती. आपल्या वॉर्डात सध्या तसं काही चालू आहे का, ते आरोग्य निरीक्षकाला विचारा.

दूरच्या संस्थेला पार्सल करायचा विचार असेल तर वजन करून भाडं विचारा. गूंजसारख्या 1999 पासून याच कामात असलेल्या संस्थांची घ्यायच्या वस्तूंची यादी असते, ती वाचून मगच बांधा.

आणखी एक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. तेव्हा जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन धावू नका. निवारा केंद्रात धुवायला जागा नसते, वाळवायला ऊन नसतं, निवडायला माणूस नसतो. त्या आठवड्यात कोरे टॉवेल, चादरी, आतली नवी वस्त्रं, सॅनिटरी पॅड. जुने कपडे पूर ओसरून घरं धुऊन झाल्यावर, तेही विचारून.

विश्रामबागकर

पावसाळ्यात पिशवी भरली आणि नेता आली नाही तर डांबर गोळ्या टाकून ठेवू का?

सुईदोरा

तान्ह्यांच्या कपड्यांत अजिबात नको. काही बाळांना जन्मतः जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांच्यात या गोळ्यांच्या वाफेनं रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आणि कपडा कोणत्या बाळाला जाणार हे आपल्याला माहीत नसतं. आधीच गोळ्यांत ठेवलेले असतील तर धुऊन, दिवसभर उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच द्या. मोठ्यांच्या कपड्यांतही गोळ्यांऐवजी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा, आणि पिशवी जमिनीवर न ठेवता टांगलेलीच राहू दे. उघडीप मिळाली की एकदा ऊन दाखवा.

कारखाना_रोड

पावसाळ्यात टोळ्या नसतातच. जून ते सप्टेंबर मुलांचे कपडे आणि चिंध्या तेवढ्या काढत राहा. पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि स्वेटर वेगळे बांधून ठेवा, ऑक्टोबरात मुकादमाचा नंबर मिळवून ठेवा.