लिगोच्या आधी धाराशिवची गावं होती
"लिगो औंढ्याला येतंय, आता कुठे मराठवाडा विज्ञानाच्या नकाशावर येईल" असं कुणीतरी म्हटलंय. लिगो म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला होणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. लिगोचा आनंद मलाही आहे, पण 'आता कुठे' हे पटत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरचा, जगभर आधार मानला जाणारा अभ्यास १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० बायका. कुठल्या गटाला कोणती तपासणी, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. आपल्याकडे बाई दुखणं अंगावर काढते, पार टोकाला गेल्यावर दवाखाना गाठते. अशा बायका तपासणीला आल्या, हेच केवढं! निष्कर्ष २००९ मध्ये आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने (एचपीव्ही म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू) या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तुलनेच्या गटात ६४ तर या गटात ३४.

त्या तुलनेच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांची मात्र अभ्यासात तपासणी झाली नाही, नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीच आधी करा म्हणते. त्या गावांतल्या बायकांना ती सहज मिळते का, हे आपण विचारलं पाहिजे.