विषय: मधल्या गटाचा ओळखीचा व्हिडिओ – शुक्रवारपर्यंत उत्तर हवं!

स्मिता (शाळा):
नमस्कार मंडळी,
आपल्या मुलांची ओळख करून देणारा व्हिडिओ शुक्रवारी नेपाळ, ब्राझील आणि युरोपातल्या तिन्ही भागीदार वर्गांना जायचाय. बारापैकी दहा संमतीपत्रं आली. उरलेल्या दोघांच्या घरून चेहरा दाखवायला नकार आहे. (कोण ते विचारू नका, सांगणार नाही.) त्या दोघांना वगळणं जिवावर येतंय. काय करू? आणि कृपा करून गेल्या वेळसारखं नको.

विनायक:
गेल्या वेळचं चित्रीकरण माझं होतं म्हणून लिहितो. पाट्या उलट्या आल्या त्यात माझा दोष नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात मुलांना स्वतःची पाटी आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. एकीने शक्कल लढवून नाव मुद्दाम उलटं लिहिलं, पडद्यावर ते झकास सुलटं दिसलं, मग सगळ्यांनी पाट्या पुसल्या. फाइल मात्र सुलटी साठवली गेली आणि पलीकडच्या वर्गाला नावांऐवजी कोडी मिळाली. यंदा मागचा कॅमेरा वापरा. ट्रायपॉड माझा आहे, मंडळाचा नव्हे. मागच्या खेपेला तो दोन महिने कुणाच्या तरी गाडीत होता.

मेधाकाकू:
विनायक, ट्रायपॉडचं नंतर. स्मिता, दोघांचेच चेहरे धूसर केलेस तर नेमके तेच उठून दिसतील. त्यापेक्षा कुणाचाच चेहरा नको. बाराही जणांचे हात दाखव: कुणी चित्र काढतंय, कुणी बुटाची नाडी बांधतंय, आणि वरून आवाज. आडनावं अजिबात नकोत.

कौस्तुभ:
त्या दोघांपैकी एक मी, लपवण्यासारखं काही नाही. माझा आक्षेप ओळख करून देण्याला नाही. गेल्या वेळी पूर्ण नाव, शर्टावर शाळेचं नाव आणि मागच्या फळ्यावर वर्गाची वेळ, असं सगळं एकाच चौकटीत होतं. वर ते यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुलं. मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये चित्रीकरणाची जागाही नोंदलेली असू शकते, ती कुणी काढली होती का? भागीदारांत एक युरोपातला वर्ग आहे. तिथे 2018 पासून लागू असलेल्या कायद्यात ऑनलाइन सेवेला मुलाने स्वतः संमती देण्याचं वय मुळात 16 आहे, देशांना ते 13 पर्यंतच खाली आणता येतं. आपली मुलं आठ वर्षांची आहेत. हातांची कल्पना मला चालेल.

प्रभाकर:
मेधाताईंशी सहमत, पण व्हिडिओच कशाला? फ्रान्समध्ये सेलेस्टँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1924 मध्ये वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःचे मजकूर अक्षरांचे खिळे जुळवून छापत आणि फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका वर्गाला टपालाने पाठवत. चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता. मी शिकवत असताना वर्गात पत्रमैत्री चालवली होती. एका मुलाने पहिल्या पत्रात फक्त आपल्या बाकावरच्या चरांचं वर्णन केलं, उत्तरात तिकडच्या बाकाचं आलं. पुढे दोघे दीड वर्ष बाकांवरच लिहीत होते.

अनघा:
भागीदार वर्गांशी थेट ऑनलाइन भेटीची वेळ कुणी ठरवली? नेपाळचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या 5 तास 45 मिनिटं पुढे असतं, 5:30 नव्हे. मागच्या भेटीत तो वर्ग पाऊण तास ताटकळला, त्यातला पाव तास नक्की याच घोळाचा. ब्राझीलने 2019 मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, युरोपात ते चालूच आहे. म्हणजे उन्हाळ्यात ठरलेली वेळ हिवाळ्यात जुळणार नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेतच लिहा.

विनायक:
पाव तास नाही, वीस मिनिटं. लिंक चुकली होती. लिंक माझी नव्हती.

मेधाकाकू:
ब्राझीलचं शैक्षणिक वर्ष डिसेंबरमध्ये संपतं हेही लक्षात ठेवा. तिकडच्या मुलांचा वर्ग बदलायच्या आत उत्तरं यायला हवीत. शुक्रवार चुकवू नका.

स्मिता (शाळा):
आभार. ठरलं: हात आणि आवाज, फक्त पहिली नावं, शर्टावर काही नाही, जागेची नोंद काढूनच फाइल पाठवायची, यूट्यूब नाही. प्रभाकरकाका, पत्रही जोडू, पण एकच पान.
आता नवीन अडचण. ब्राझीलच्या मुलांनी तीन प्रश्न पाठवलेत: तुमची मधली सुट्टी किती वेळ, खिडकीतून काय दिसतं, आणि तुमच्यापैकी कुणाचा दात हलतोय. तिसऱ्याचं उत्तर हातांनी कसं द्यायचं?

कौस्तुभ:
आमच्या चिरंजीवांचा समोरचा दात परवाच पडलाय. तो तळहातावर ठेवून दाखवेल. चेहरा नको, दात चालेल.

विनायक:
दात जवळून घ्यायचा तर ट्रायपॉड लागेलच. गुरुवारी दहाला मीच घेऊन येतो, कुणी न्यायला येऊ नये.

अनघा:
दहा म्हणजे नक्की कुठले दहा?