पौराणिक खेळाची मराठी आवृत्ती: हिंदीवरून उतरवलेली की मुळातून लिहिलेली?

कोथरूडकर:
पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा व्हिडिओ गेम २०२० साली आला, तेव्हा त्यातली गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू इंग्रजी बोलत होते. हिंदी आवाज पुढे सुधारित आवृत्तीत आले. छोट्या चमूला हे असेच टप्प्याटप्प्याने जमते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे यापुढच्या खेळांविषयी आहे. पुराणकथेवरचा ॲक्शन खेळ अनेक भारतीय भाषांत आणायचा ठरला, की मराठी संहिता हिंदीवरून उतरवली जाईल अशी मला धास्ती वाटते, कारण जाहिरातींत आपण रोज तेच वाचतो. हिंदी पौराणिक मालिकांतला भक्त देवाला 'आप' म्हणतो. आपण विठोबाला थेट 'तू' म्हणतो आणि वेळप्रसंगी त्याच्याशी भांडतोही. तिथे 'आपण माझे रक्षण करावे' असे वाक्य आले, की भक्ताच्या जागी अर्जदार उभा राहतो. मराठी द्यायची तर मुळातून लिहावी, मग ती केवळ पडद्याखालच्या ओळींपुरती असली तरी चालेल.

हिशेबी:
हा खर्च कोणी करायचा? माझ्या ओळखीची मुले मराठी माध्यमातली असूनही खेळ इंग्रजीतच ठेवतात, कारण 'हेल्थ', 'लेव्हल', 'बॉस' हेच त्यांचे शब्द आहेत आणि अडले तर यूट्यूबवरचे मार्गदर्शनही त्याच शब्दांत मिळते. 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा चिनी पुराणकथेवरचा खेळ २०२४ मध्ये आला आणि चीनबाहेरच्या कित्येकांनी तो चिनी आवाज ऐकत, खाली भाषांतर वाचत खेळला. आवाज एकाच भाषेत उत्तम करावा; हिंदी समजत नाही असा मराठी खेळाडू मला तरी पुण्यात भेटलेला नाही.

अक्षरजुळारी:
'केवळ ओळी' म्हणजे स्वस्तातले काम, हा दोघांचाही गैरसमज दिसतो. खेळात '[वस्तू] मिळाली' असा एकच साचा असतो आणि वस्तूचे नाव आयत्या वेळी त्यात बसते. इंग्रजीत ते खपून जाते. मराठीत तलवार मिळाली, भाला मिळाला, धनुष्य मिळाले. शिवाय 'तलवारीने', 'भाल्याने' अशी सामान्यरूपे होतात ती वेगळीच. म्हणजे प्रत्येक वस्तूसोबत तिचे लिंग आणि रूपे नोंदवावी लागतात, आणि ही सोय सुरुवातीलाच केली नाही तर नंतर सारा साचा उसवावा लागतो. अक्षरांचे दुखणे त्यावर. युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या मजकूर-साधनात देवनागरी नीट जुळत नाही, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते. ते निस्तरले तरी 'वाऱ्याचा' मधला र आणि आपल्या वळणाचे ल-श देणारा फाँट हवाच.

तिसरी घंटा:
हिशेबी यांना एक विचारते: चहूबाजूंनी असुर चालून येत असताना खाली वाचायला डोळे रिकामे असतात का? संथ खेळात वाचता येते. ॲक्शन खेळात कथा कानांनीच पोचते. सगळी पात्रे मराठीत बोलावीत असा माझा आग्रह नाही. कथा सांगणारे दोन-तीन आवाज मराठीत करावेत, किंकाळ्या आणि आरोळ्या मूळच्याच ठेवाव्यात. भरत नाट्य मंदिराच्या परिसरात असे आवाज शोधायला फार हिंडावे लागणार नाही.

हिशेबी:
आवाज मिळतील हो. पण खेळात दर दुरुस्तीनंतर चार वाक्ये बदलतात आणि त्या चार वाक्यांसाठी स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागतो. हा खर्च भाषेगणिक वाढतो.

कोथरूडकर:
निवेदनापुरता आवाज हा मुद्दा मला पटला. केवळ ओळींवर भागेल असे मी म्हणालो ते घाईचे होते. दुरुस्त्या बहुधा लढाईच्या हिशेबात आणि सूचनांत होतात, निवेदनाला क्वचित हात लागतो, त्यामुळे हिशेबी यांची भीती मला अर्धीच खरी वाटते. हिंदीवरून उतरवू नये, यावर मात्र मी ठाम आहे. पडलेल्या मुलीला देवी 'उठिए' म्हणणार नाही, 'ऊठ' म्हणेल.

हिशेबी:
म्हणू द्या. फक्त ते 'ऊठ' दीर्घ लिहायचे, हे तपासणारा माणूस कोणाच्या पगारपत्रकावर असेल तेवढे सांगा.