जुन्या माळवदाच्या वाड्याचा दगड आणि सागवान नव्या घरात वापरता येईल का?

प्रश्न: शिवारकर, औसा तालुका

नमस्कार मंडळी. गावातील आमचा पणजोबांच्या काळचा माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेला, वाडा आता राहण्याजोगा उरलेला नाही. ढाळजेची, म्हणजे दरवाजालगतच्या बैठकीची, बाजू शाबूत आहे. परंतु मागच्या खोल्यांचे माळवद खचले असून एक भिंत आतून फुगली आहे. पाडकामाचा ठेकेदार म्हणतो की तो पाडण्याचे पैसे घेणार नाही, मात्र सगळा माल तोच उचलून नेईल, आणि वडिलांना हा सौदा मान्य आहे. मला तो पटत नाही, कारण त्या मालात सागवानी खांब व तुळया, घडीव काळा दगड आणि चुन्यात बांधलेल्या विटा आहेत. त्याच जागी तीन खोल्यांचे बैठे घर बांधायचे आहे. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेली किल्लारी आमच्याच तालुक्यातली असल्याने दगडी भिंतीचे नाव काढले तरी आई धास्तावते. यातील कोणता माल पुन्हा वापरण्याजोगा आहे आणि तो भार घेणाऱ्या भिंतींत वापरावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: ओळंबा, लातूर

मी बांधकाम अभियंता आहे. आईंची धास्ती रास्त आहे, परंतु दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरे कोसळली, त्यांतील बहुतेकांच्या भिंती म्हणजे बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन वेगळे पदर, मधे माती आणि कपच्यांची भर, आणि दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही, अशी रचना होती. त्यावर माळवदाचे ओझे. शंभर चौरस फुटांवर एक फूट मातीचा थर घातला, तर तोच साडेचार टनांच्या आसपास भरतो, आणि पुष्कळ घरांवर दरवर्षी भर पडत जाऊन हा थर त्याहून जाड झालेला होता. हादऱ्याने पदर सुटले आणि छत खाली आले. याउलट जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. ही गोष्ट तुमच्या सागवानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

म्हणून दगड अवश्य वापरा, परंतु मातीत नव्हे, सिमेंटच्या मालात बसवा. भारतीय मानक १३८२८ नुसार अशा दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि उंचीच्या दर ६०० मिलिमीटरला, आडव्या दिशेने जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड असावा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास त्या जागी सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतता येतो. जोते, लिंटल (दाराखिडक्यांच्या वरची आडवी तुळई) आणि छत या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे, आणि कोपऱ्यांत व दाराखिडक्यांच्या कडांना उभ्या सळया घ्या. १९९३ साली हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. त्यामुळे 'बैठ्या घराला पट्टे कशाला' असे मिस्त्री म्हणू लागल्यास त्याचे ऐकू नका.

यात एक फायदाही आहे. जुनी भिंत तीन फुटांची असेल आणि नवी दीड फुटाची, तर तेवढ्याच दगडात दुप्पट लांबीची भिंत होऊ शकते. फक्त दगडाला चिकटलेली पांढरी माती घासून धुऊन काढा. तिच्यात क्षार असतात आणि पुढे त्यानेच भिंतीला लोणा लागतो. तीच माती नव्या छतावर मात्र मुळीच चढवू नका.

उत्तर: रंधा, उदगीर

लाकडाविषयी चार शब्द. जुन्या सागवानाचा गाभा सहसा टिकलेला असतो. कीड लागते ती कडेच्या पांढुरक्या भागाला आणि तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकांना. टोकाशी पटाशी रोवून पाहावी. ती सहज आत गेली, तर निरोगी लाकूड लागेपर्यंत टोक कापावे. प्रत्येक नग चिरण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचे पाते बाद करतो.

परंतु आधी नकाशा आणि मग लाकूड हा क्रम येथे चालत नाही. तुमच्या तुळया जुन्या खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मापाच्या आहेत, आणि टोके कापल्यावर आणखी आखूड होतील. प्रथम सर्व नग मोजून यादी करावी आणि खोल्यांची रुंदी त्या यादीवरून ठरवावी. एरवी बारा फुटांच्या खोलीसाठी दहा फुटांची तुळई हातात घेऊन बसण्याची वेळ येते आणि शेवटी चांगले सागवान खिडक्यांच्या चौकटींत चिरले जाते. खांबांखालचे दगडी उथाळेही ठेवावेत. लाकूड ओलीपासून वर राहते.

उत्तर: पांढरीचा वाटसरू, धाराशिव

एक सूचना. आपल्याकडच्या जुन्या भिंतींत कधी वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा), तर कधी इतर कोरीव दगड निघतो. शंभर वर्षांपूर्वीचे शिल्प कायद्याने पुरावशेष ठरते. तसे काही आढळल्यास दगड फोडू नये, अंगणात सजावटीला लावू नये, आणि तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे.

प्रश्नकर्ता: शिवारकर

सर्वांचे आभार. यादीचे काम या आठवड्यात सुरू करतो. दोन शंका उरतात: विटा भिंतीत चालतील का, आणि मागच्या बाजूला नंतर जोडलेल्या स्वयंपाकघराच्या काँक्रीटच्या स्लॅबचे काय करावे?

उत्तर: ओळंबा, लातूर

चुन्यातील वीट सहसा अखंड सुटते. सिमेंटमधील वीट सुटताना फुटते, म्हणून तिच्यामागे मजुरी घालवू नका. काही विटा कोरड्या वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. वीस टक्क्यांहून अधिक पाणी पिणारी वीट बाहेरच्या भिंतीत नको. उरलेल्या विटा आडभिंतींत, ओट्याखाली किंवा कुंपणात लागतील.

स्लॅबच्या तुकड्यांविषयी भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तरतूद आहे. जुन्या काँक्रीटची खडी कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के, तर सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ या ताकदीच्या प्रतीपर्यंत केवळ वीस टक्के वापरता येते. एका घरासाठी खडी यंत्रातून काढणे परवडणार नाही. हाताने फोडून जोत्याखालच्या थरात आणि अंगणाच्या फरशीखाली घाला. स्लॅबमधून निघालेल्या सळया सरळ करून पट्ट्यांत घालण्याचा आग्रह मिस्त्री धरील. त्या भंगारात द्या आणि पट्ट्यांसाठी नवी सळईच आणा.

ठेकेदाराशी बोलताना पाडकाम रोजंदारीवर ठरवा, मालावर नको. माल त्याचा झाला की तो यंत्र लावून एका दिवसात वाडा लोळवतो आणि सागवान जागीच पिचते. वरून खाली, हाताने, माळवदाची माती प्रथम उतरवून काम करावे, आणि फुगलेल्या भिंतीला आधीच टेकू द्यावेत. उतरलेले लाकूड जमिनीपासून वर, दोन थरांत पट्ट्या घालून, छपराखाली रचावे. मृगाच्या आत हे उरकणार नसेल, तर पाडकाम दिवाळीनंतरच काढा.