सांभाळून घेणारा सुपरवायझर फ्लोअरवर चालतो का? मत द्या

चाकणकर:
चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचं) सेक्शन, हाताखाली १४ जण, सात महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. आधीचे साहेब सगळ्यांसमोर शिव्या घालायचे, त्यामुळे बिघडलेला जॉब (पार्ट) लाल बिनमध्ये, म्हणजे रिजेक्ट मालाच्या डब्यात, जायचाच नाही, चांगल्या मालात मिसळला जायचा, मी ऑपरेटर असताना स्वतः दोनदा केलंय हे. म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं की चूक झाली तर लगेच बोला, मी ओरडणार नाही. झालं काय, कागदावरचं रिजेक्शन वाढलं आणि कस्टमरकडून परत येणारा माल कमी झाला. आता वरून विचारतात तू आल्यापासून रिजेक्शन का वाढलं, आणि खाली एक जण महिन्यात चार खाडे करतो, फोनसुद्धा नाही, साहेब समजून घेतात ना! तरी माझं मत तेच आहे, धाकाने काम होत नाही.

भोसरीचा जुना:
२२ वर्षं लाइनवर काढली, स्पष्ट बोलतो. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना तू कोणाचं मन सांभाळणार? शिस्त आधी बसव, माया नंतर कर.

वॉर्ड इन्चार्ज:
काका, नाही पटलं. मी नर्स आहे, आमच्याकडे चुकीचा डोस लपवला तर माणूस जातो. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या होत्या, तर चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथले लोक इन्चार्जला न घाबरता सांगत होते. चाकणकरांचं रिजेक्शन असंच वाढलंय.

लीन वाला:
+१. टोयोटात तर लाइनवरचा कोणीही अडचण दिसली की दोरी ओढू शकतो, त्याला कोणी बोलत नाही.

भोसरीचा जुना:
दोरी ओढल्यावर पुढे काय होतं ते पण सांग ना. टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे धावून येणारा माणूस आधी नेमलेला आहे. आमच्याकडे अख्ख्या शिफ्टला एक सेटर (मशिन लावून देणारा), इन्सर्ट (कापायचं पातं) तुटला तर पोरगं अर्धा तास त्याची वाट बघतं आणि तासाचं टार्गेट मात्र तेवढंच. नुसतं गोड बोलून हे सुटत नाही, माणसं द्या.

चाकणकर:
सेटरचं एकदम बरोबर, मी दोनदा मागितलाय, अजून मिळालेला नाही.

मीनल टीएल:
मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. पाठीशी उभं राहणं वेगळं आणि पाठीशी घालणं वेगळं. तो खाडा करतो त्या दिवशी त्याचं मशिन कोण चालवतं? त्या माणसाला डबल ड्युटी पडते आणि तो गप्प बसतो, त्याच्या पाठीशी तुम्ही कधी उभे राहिलात? मी पण पहिल्या वर्षी हीच चूक केली, एकीला इतकं समजून घेतलं की माझ्या टीममधली सगळ्यात चांगली मुलगी काम सोडून गेली, आणि जाताना तिने कारणही सांगितलं नाही, त्याचा मला अजून त्रास होतो.

चाकणकर:
हे लागलं. काल त्याला बाजूला घेऊन विचारलं. रात्री भाड्याचा टेम्पो चालवतो, कर्ज आहे. म्हणजे झोप न काढता मशिनवर उभा राहतो, हे मला सात महिन्यांत कळलं नाही कारण मी कधी विचारलंच नाही, नुसतं माफ करत गेलो. सांगितलंय, टेम्पो रात्री चालवलास तर फर्स्ट शिफ्टला उभं करणार नाही, न सांगता खाडा केलास तर मेमो. सेकंड शिफ्ट लावून देतो म्हणालो, त्याने मान डोलावली. वरच्यांना आता रिजेक्शन आणि कस्टमर रिटर्न एकाच कागदावर शेजारी शेजारी दाखवणार आहे.

भोसरीचा जुना:
पद्धत अजून पटत नाही तुझी, पण मेमोचं तोंडी ठेवू नको. लेखी दे आणि सगळ्यांना एकच नियम लाव, नाहीतर उद्या दुसरा म्हणेल त्याचा टेम्पो आहे तर माझी म्हैस आहे.