आकितेन फ्रिगेट 'मंद' आहे म्हणणाऱ्यांसाठी

दर्यागस्त: काल इथे कोणीतरी लिहिलं, "फ्रेंचांची आकितेन युद्धनौका म्हणजे सहा हजार टनांचं धूड, वेग जेमतेम २७ नॉट (ताशी ५० किमी), पैसे पाण्यात." राहवलं नाही म्हणून लिहितोय. ती पाणबुडी शोधायला बांधली आहे हो! शोधमोहिमेत गॅस टर्बाइन, म्हणजे वेगासाठीचं मोठं इंजिन, बंद ठेवून ती विजेच्या मोटरींवर १५ नॉटच्या आसपास चालते. स्वतःचा आवाज कमी, म्हणून लांबचं ऐकू येतं. त्यात मागून ओढलेला कॅप्टास-४ सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र), हवा तितका खोल सोडता येणारा. गरम पाण्याच्या थराखाली दडलेली पाणबुडी जहाजाच्या नाकातल्या सोनारला निसटते, याला सापडते.

तोफखाना: ते काल मीच लिहिलं होतं. फ्रेंचांच्याच जुन्या जॉर्ज लेग वर्गाच्या फ्रिगेटना दोन टर्बाइन होत्या, ३० नॉट सहज. इथे एकच. विमानवाहू नौकेबरोबर धावणार कशी?

दर्यागस्त: फ्रेंचांची विमानवाहू नौका शार्ल द गोल, तिचा कमाल वेगही २७च आहे. बघा एकदा.

इंजिनरूम: वेग सोडा, माणसांचं बोला. मूळ आराखड्यात जेमतेम १०८ खलाशी! जुन्यांवर दोनशेच्या वर असत. मी व्यापारी जहाजावर रात्रीची आग पाहिलीय. श्वसनयंत्र लावून आत गेलेले दोघे दमून बाहेर आले, तर पुढे जायला माणूस नव्हता. खर्च वाचवायला माणसं कमी करणाऱ्यांनी ती रात्र बघायला हवी होती.

दर्यागस्त: मालवाहू जहाजाची आणि युद्धनौकेची तुलना करू नका. शिवाय २०१९पासून आकितेन आणि तिच्याच वर्गातल्या लांगदॉकला दोन-दोन चमू आहेत.

इंजिनरूम: ते आळीपाळीने जातात, साहेब! एका वेळी जहाजावर माणसं तेवढीच. विश्रांती मिळते, आग विझवायला हात वाढत नाहीत.

तोफखाना: त्यात या वर्गाच्या १७ नौका बांधणार होते, ८वर आले. दोन तर हवाई संरक्षणाच्या. पाणबुड्या शोधायला उरल्या सहा.

दर्यागस्त: विषय आराखड्याचा आहे, बजेटचा नाही. आणि माणसं कमी म्हणता, तर डिसेंबर २०२३मध्ये तांबड्या समुद्रात लांगदॉकनेच ड्रोन पाडले ना?

इंजिनरूम: पाडले, कौतुक आहे. पण तो मारा होता. मी मार खाल्ल्यानंतरचं विचारतोय, आणि त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

तोफखाना: शार्ल द गोलचं बघितलं. २७च आहे. बरं, वेगाचं सोडतो. पण एकाच टर्बाइनवर भरवसा? ते मला पटणार नाही.