नोकरी बदलायचीय, चालू कंपनीला कळू न देता. लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, फेसबुकचं काय करू?

अंबडकर_क्यूए
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. नाशिकमध्येच जमलं तर उत्तम, नाहीतर चाकणही चालेल. लिंक्डइन कधीचं उघडलेलं नाही, नोकरी डॉट कॉमवर कॉलेजच्या वेळचा बायोडेटा पडलाय, आणि फेसबुकवर काय काय आहे ते मलाच आठवत नाही. सुरुवात कुठून करू? मुख्य म्हणजे आत्ताच्या कंपनीत कुणकुण लागता कामा नये.

भरती_डेस्क
फोटो आणि सजावट नंतर. आधी तारखा बघा. लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि तुम्ही पाठवणार ती पीडीएफ, तिन्हीकडे रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना एकच हवा. पडताळणीवाले (नव्या कंपनीतर्फे तुमची माहिती तपासणारे) हे ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सर्व्हिस हिस्टरीशी ताडून बघतात, त्यामुळे यूएएनने (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरने) लॉगिन करून ती आधी स्वतः वाचा. तिथे तीन घोळ हमखास सापडतात.

जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. मग कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला दिसता. पीएफच्या शेवटच्या वर्गणीला २ महिने झाले की ‘मार्क एक्झिट’मध्ये ती स्वतः भरता येते. रिलिव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा. चुकीची तारीख गेली तर दुरुस्ती फार जिकिरीची.

दुसरा, कंत्राटदाराचा. सुरुवातीला कंत्राटी असाल तर पीएफला कंत्राटदाराचं नाव असतं आणि प्रोफाइलवर मात्र मोठ्या कंपनीचं. ‘अमुक कंपनीत, तमुक कंत्राटदारामार्फत’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. लपवलेलं सापडलं की मात्र ऑफर अडकते. अप्रेंटिस असाल तर तेवढ्या काळाचा पीएफ नसतोच, म्हणून तिथे ‘अप्रेंटिस’ हाच शब्द ठेवा.

तिसरा नावाचा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं. तोच क्रम फॉर्ममध्ये उतरवला की आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. आधार, पॅन, यूएएन आणि लिंक्डइनवर क्रम आणि स्पेलिंग एकसारखं करून घ्या.

सातपूर_शॉपफ्लोअर
कुणकुणीबद्दल. लिंक्डइनच्या ‘ओपन टू वर्क’मध्ये दोन पर्याय येतात. ‘सगळ्यांना’ निवडलं की फोटोभोवती हिरवी पट्टी येते, ती नको. ‘फक्त रिक्रूटर्स’ घ्या. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. सध्याची कंपनी नुसती टाइप केलेली असेल, लोगोवाल्या पेजशी जोडलेली नसेल, तर लपवायचं कोणापासून हे लिंक्डइनला कळणार कसं? शिवाय तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारा बाहेरचा कन्सल्टंट या गाळणीत अडकत नाही. अंबड-सातपूरला एकच कन्सल्टंट चार कंपन्यांचं काम बघतो, हे धरून चाला.

प्रोफाइलला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘शेअर प्रोफाइल अपडेट्स’ बंद करा, नाहीतर बदल नेटवर्कला कळवले जातात. नोकरी डॉट कॉमच्या सेटिंग्जमध्ये कंपन्या ब्लॉक करता येतात. तिथे स्वतःची कंपनी, ग्रुपमधल्या भगिनी कंपन्या आणि वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली नावंही टाका.

आता हेडलाइन. लिंक्डइनवर २२० अक्षरं मिळतात, नोकरी डॉट कॉमवर २५०. ‘नव्या संधीच्या शोधात’ लिहून ती वाया घालवू नका, तो शब्द कोणी सर्च करत नाही. ‘क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग आणि शीट मेटल, सीएमएम, पीपॅप, एसपीसी, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर’ असं काहीतरी, म्हणजे आपल्या कामातली यंत्रं, पद्धती आणि मानकं यांची नावं. जे खरोखर येतं तेवढंच. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

चाकण चालणार असेल तर नोकरी डॉट कॉमवर पसंतीच्या ठिकाणांत पुणे टाकाच, कारण तिथले रिक्रूटर ठिकाणाची चाळणी लावूनच बसतात. नोटीस पिरियड खरा लिहा. प्रोफाइल आठवड्यातून एकदा थोडं का होईना अपडेट करत राहा, कारण अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार गाळून घेण्याची सोय रिक्रूटरला असते.

आणि एक. कामाचा नमुना म्हणून फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची जोडणी), ड्रॉइंग किंवा कस्टमरच्या पार्टचा फोटो टाकू नका. मागे बोर्डावर पार्ट नंबर आणि रिजेक्शनचा आकडा दिसत असतो. कस्टमरशी गोपनीयतेचा करार असतो, त्यामुळे चालू नोकरीही जायची आणि नवीही.

गोदाकाठ
फेसबुक एकेक पोस्ट उकरत बसू नका. सेटिंग्जमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ आहे. एका फटक्यात जुन्या सार्वजनिक पोस्ट मित्रांपुरत्या होतात. पुन्हा उलट करायचं झालं तर मात्र एकेक करावं लागतं. आपण दुसऱ्यांच्या सार्वजनिक पेजवर केलेल्या कमेंट यात येत नाहीत, आणि नेमकी तिथेच निवडणुकीतली धुळवड असते. त्या ॲक्टिव्हिटी लॉगमधून शोधून उडवा. टॅग केलेल्या पोस्ट प्रोफाइलवर येण्याआधी तपासायची सेटिंग चालू करा, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतले फोटो तुमच्या भिंतीवर विचारल्याशिवाय येणार नाहीत.

मग इन्कॉग्निटो उघडून स्वतःचं नाव अवतरणचिन्हात घालून शोधा: देवनागरीत, इंग्रजीत, पुढे नाशिक जोडून. पोस्ट उडवली तरी गुगलमध्ये काही दिवस जुना मजकूर दिसत राहतो, त्यासाठी गुगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ टूल आहे.

लोक विसरतात ते ट्रूकॉलर. दुसऱ्यांनी तुमचा नंबर ‘पप्पू सिडको इन्व्हर्टर’ म्हणून सेव्ह केला असेल तर एचआरला तेच दिसू शकतं. ॲपमध्ये स्वतःचं प्रोफाइल करून पूर्ण नाव टाका. व्हॉट्सॲपचा डीपीही बघा. बायोडेट्याची पीडीएफ हल्ली तिथेच मागतात, म्हणून फाइलला ‘न्यू फायनल २’ नको, स्वतःचं नाव आणि हुद्दा द्या.

अंबडकर_क्यूए
यूएएन उघडलं. पहिल्या कंपनीची सोडल्याची तारीख खरंच कोरी आहे. आणखी एक: त्याच कंपनीबद्दल गुगल मॅप्सवर माझ्या नावाने १ स्टारचा रिव्ह्यू आहे, पगार उशिरा होतो म्हणून. काढू का? बायोडेट्यावर आधार नंबर टाकायचा का?

भरती_डेस्क
रिव्ह्यू काढा. तक्रार खरी असली तरी पडताळणीचा फोन त्याच एचआरकडे जाणार आहे. मॅप्स उघडा, ‘कॉन्ट्रिब्यूट’मधून प्रोफाइल, तिथे रिव्ह्यूवरच्या तीन ठिपक्यांत डिलीट.

आधार, पॅन, जन्मतारीख, घरचा पत्ता यातलं काहीही बायोडेट्यावर नको. ‘नाशिक, सिडको’ एवढं पुरे. कागदपत्रं ऑफर आल्यावर, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर. प्रोफाइल ताजं केलं की नोंदणी फी किंवा लॅपटॉप डिपॉझिट मागणारे फोनही सुरू होतील. पैसे मागितले की फोन ठेवा. चुकून गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.